केसभर

घरी उघडायची.
तुर्भ्याला धरोडशेठच्या प्रेसमध्ये मात्र
त्यांचा मुलगा फ्लॉपी आत ढकलायचा, थांबायचा,
आणि खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणायचा,
"ताई, कोरी आहे. फॉर्मॅट करू का विचारतोय."

कोरी कशी असेल?
रात्री दीडपर्यंत जागून मी
हळदीच्या गाळ्याचं पावतीपुस्तक लावलं होतं,
एका चि. सौ. कां.च्या मामांची नावं वयानुसार,
आत्यांची, भांडण होणार नाही अशी.
इतकी वर्षं बटर पेपरवर प्रिंट काढून न्यायचे.
आता म्हणाले, फ्लॉपीच आणा.

पहिला संशय रिक्षावर घेतला.
पाठीमागे ताटाएवढे स्पीकर,
म्हणजे आत वाटीएवढं लोहचुंबक.
म्हणून कोपरखैरण्याहून चालत गेले,
फ्लॉपी स्टीलच्या डब्यात.
तरी कोरी.
मग फ्लॉपीवर. दहाची नवी पेटी आणली.
तरी कोरी.
मग धुळीवर. कानातल्या काडीला स्पिरिट लावून
हेड पुसलं. काडीवर तांबूस काहीतरी आलं,
बरं वाटलं.
तरी कोरी.
मग चपटी राखाडी वायर काढून लावली, ती उलटी लागली,
हिरवा दिवा पेटला तो विझेचना.
सुलटी केली, की पुन्हा सगळं झकास,
यादी, तारखा, एकेक काना शाबूत.

तेच वाईट. घरी शाबूत असणं.
धरोडशेठ काही बोलले नाहीत.
पुढचं हळदीचं काम फक्त दुसरीकडे गेलं.

रविवारी घणसोलीचे मढवी आले.
त्यांनी त्यांची फ्लॉपी घातली. घर्र, टक, टक, टक.
माझी घातली. लगेच.
पुन्हा त्यांची. पुन्हा माझी.
चहावर साय धरली.
"वहिनी, ड्राइव्ह बिघडलेला नाय.
हेड केसभर सरकलंय.
तिरकं लिवतंय न् तिरकंच वाचतंय.
त्याचं त्याला बरोबर लागतं.
जगाला नाय लागत."

मला हसू आलं.
हे फोनवर "निघालोच" म्हणतात
तेव्हा मी कुकर लावत नाही.
नऊला लावते.
बारा वर्षांत एकदाही भात निवलेला नाही.

स्क्रूवर पेचकस टेकवून मढवी थांबले.
"सरळ करतो. पण मग जुनं त्याला वाचता येणार नाय.
एकशे चाळीस फ्लॉप्या म्हणता ना?
सगळ्या कोऱ्या दिसतील. आधी उतरवून घ्या."

चार रात्री उतरवत बसले.
खिडकीतून पावण्याच्या कारखान्यांचा वास,
कुजत्या केळ्यासारखा, गोडूस.
बारशी, साठीशांत, वन रूम किचन विकणे आहे,
पाणी जपून वापरा, सात वर्षं तीच नोटीस, तारीख तेवढी बदललेली.
सगळं केसभर कललेलं,
आणि मला कधी दिसलं नाही,
पडद्यावर ओळी सरळच यायच्या.

एकच अडली.
लेबलवर माझ्याच अक्षरात: किरकोळ.
अबॉर्ट, रिट्राय, फेल.
मी आर दाबला. पुन्हा आर.
सत्तावीस मोजले, मग मोजणं सोडलं.
काय होतं तिच्यात, आठवत नाही.
आठवणारं असतं
तर नाव तरी नीट दिलं असतं.

मढवींनी स्क्रू अर्धा फेराही फिरवला नसेल.
त्यांची फ्लॉपी उघडली.
दुसऱ्या दिवशी तुर्भ्याला माझीही.
मुलाने खुर्ची वळवलीसुद्धा नाही.

किरकोळ ड्रॉवरमध्ये आहे, रबरबँड आणि पिनांच्या डबीजवळ.
मधूनच घालून बघते.
आता ड्राइव्ह तिला कोरी म्हणतो,
फॉर्मॅट करू का विचारतो, आदबीने,
बँकेतल्या नव्या साहेबासारखा.

मी नको म्हणते.